दोन हात वर

बंदरात तिला सगळे घार म्हणतात. ती नवी नवी क्रेनवर चढायला लागली तेव्हा कोणीतरी थट्टेने ठेवलेलं नाव, पण ते असं चिकटलं की आता हजेरी घेणारासुद्धा तेच पुकारतो. तिच्या आईला मात्र हे नाव चालत नाही. आईला बंदरातलं काहीच चालत नाही. शेजारी नव्याने राहायला आलेल्या कोणी विचारलं, "मुलगी कुठे असते हो तुमची?" तर ती दोन शब्दांत सांगते, "वर असते." विचारणारी बिचारी हळहळते, हातातली पिशवी खाली ठेवून समजुतीचे चार शब्द बोलते, आणि आई ते मुकाट ऐकून घेते. मुलगी धडधाकट आहे, संध्याकाळी घरी येऊन भांडी घासते, एवढं सांगायचेही कष्ट घेत नाही. क्रेन हा शब्द तोंडातून काढण्यापेक्षा तिला ते परवडतं.

आता ही क्रेन म्हणजे काय चीज आहे, ते ज्यांनी रस्त्यावर बंद पडलेली गाडी ओढून नेणारी क्रेनच फक्त पाहिली आहे त्यांना सांगून कळणार नाही, पण सांगणं भाग आहे. जहाज जिथे टेकून उभं राहतं त्या धक्क्यावर ती चार लोखंडी पायांवर उभी असते. पायांच्या मधून ट्रकच्या रांगा ये-जा करतात आणि तरी जागा उरते. ते पाय रुळांवर आहेत, म्हणजे हे अख्खं धूड मनात आलं की धक्क्यावरून चालायला लागतं. वर, मान मोडेपर्यंत वर बघितलं की एक लांबलचक हात दिसतो, जहाज ओलांडून पार पलीकडच्या पाण्यापर्यंत गेलेला. त्या हाताखाली एक काचेची खोली टांगलेली असते आणि ती मालाबरोबर पुढेमागे धावते. खोलीची जमीनही काचेची. दोन्ही पावलांच्या मधून वाकून खाली बघायचं, आणि बारा चाकांच्या ट्रकवरचा लोखंडी पेटारा अलगद उचलून जहाजावर नेमक्या चार खुंट्यांवर ठेवायचा. घार दिवसभर हे करते. इतकी वर्षं झाली, तरी सकाळी क्रेनच्या पायाशी आली की ती क्षणभर थांबते, थंडगार लोखंडावर तळवा टेकवते आणि वर बघते. माणसाच्या हाताने असलं काही उभं केलं यावर तिचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.

वरून बघायची सवय लागली की काही गोष्टी बिघडतात. घार बंदरातल्या सगळ्यांना टाळूवरून ओळखते. अमक्याचं टक्कल मागून सुरू झालंय, तमक्याच्या हेल्मेटला तडा गेलाय, हे तिला पाठ. तोच माणूस उपाहारगृहात समोर येऊन "काय घारे" म्हणाला की ही गोंधळते, आणि त्याने मान खाली घालून ताटाकडे बघितलं की मग हिच्या डोक्यात प्रकाश पडतो. यावरून तिची चेष्टा होते आणि ती ती करून घेते.

पण खरी गंमत झाली होती ती स्कूटरवर. सकाळची वेळ, कामाला निघालेली, आणि रस्त्यालगतच्या एका घराच्या गच्चीवर एक बाई चादर झटकत होती, दोन्ही हात डोक्यावर नेऊन. घारने भर रस्त्यात करकचून ब्रेक मारला. मागचा दूधवाला सायकलसकट तिच्यावर आदळला. त्याने तिचा सात पिढ्यांसह उद्धार केला. "कशाला थांबलीस?" तर ही म्हणते, "बाईंनी हात वर केले होते." दूधवाल्याने वर बाईकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं, आणि डोकं फिरलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही असं ठरवून तो सांडलेलं दूध बघत बसला.

त्याला कोण सांगणार की हा तिचा धंद्याचा नियम आहे. क्रेनवर बसणाऱ्याला खालून एकच माणूस खुणा करतो. त्याच्या डोक्यावर नारिंगी हेल्मेट असतं. त्याने बोट वर करून फिरवलं की उचलायचं, खाली करून फिरवलं की उतरवायचं, आणि खूण करणाऱ्या हातावर दुसरा तळवा धरला की तेच, पण सावकाश. बाकी बंदराचा सर्वात मोठा साहेब जरी खाली उभा राहून नाचला तरी त्याला भीक घालायची नाही. अपवाद एकच. दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले की थांब, आणि हे थांब कोणाचंही चालतं. झाडूवाल्याचं, जहाजावरच्या स्वयंपाक्याचं, चुकून तिथे आलेल्या टपालवाल्याचं. हात दिसले की थांबायचं. कोणाचे आणि कशासाठी, ते मागाहून. आणि ज्याने थांबवलं त्याच्याकडे खूण करणाऱ्याने स्वतः चालत जाऊन विचारायचं, त्याने 'हो' म्हटल्याशिवाय काहीही हलवायचं नाही. त्याला काहीच दिसलं नसेल, उगाच हात वर केले असतील, तरी त्याला कोणी वाकडा शब्द बोलायचा नाही. हा नियम क्रेनच्या पायावर मोठ्या अक्षरांत रंगवलेला आहे.

पूर्वी तो नव्हता. घार लहान होती तेव्हा तिचे वडील याच बंदरात जहाजाच्या पोटात काम करायचे. तेव्हा पोती असायची, जाळ्यात भरून क्रेनने आत सोडायची आणि आतल्या माणसांनी रचायची. एक दिवस जाळं खाली येत असताना वडील कोपऱ्यात वाकून अडकलेला दोर सोडवत होते. त्यांच्या जोडीदाराने वर बघितलं, उजेडात धावत येऊन दोन्ही हात हलवले, घसा फुटेस्तोवर ओरडला. वर क्रेनवर बसलेल्याला त्याचे हात दिसले. पण तेव्हा हुकूम ऐकायचा तो एकाच माणसाचा, आणि तो माणूस वर, जहाजाच्या पोटाच्या तोंडाशी उभा राहून कोणाच्या तरी हाकेला उत्तर द्यायला मागे वळला होता. त्याचं बोट मात्र खाली फिरतच होतं. म्हणून वरच्यानेही उतरवतच नेलं.

तो जोडीदार म्हणजेच आजचा नारिंगी हेल्मेटवाला. घार त्याला काका म्हणते. ती पहिल्यांदा क्रेनवर चढायला आली त्या दिवशी काकाने तिला पायाशी अडवून ही सगळी हकीकत सांगितली होती. "हे ऐकून घे आणि मग चढायचं तर चढ," म्हणाला. तिने ऐकलं आणि चढली.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक की क्रेनचं जाळं खाली आलं आणि नवरा परत आला नाही. चौकशी झाली, नियम बदलला, कोणीतरी सांगायला घरी आलं, तर तिने दारच उघडलं नाही. मग पुढे मुलीनेच क्रेनवर जायचं ठरवलं तेव्हा तर तिने अबोला धरला. "तिथे काय आहे तुझं?" एवढंच एकदा विचारलं. "वरून काय दिसतं ते मला बघायचंय," असं घार म्हणाली.  पुढे बोलणं सुरू झालं, पण एक गोष्ट सुरू झाली नाही. रोज सकाळी घार दारातून "येते गं" म्हणते. त्यावर घरातल्याने "ये" म्हणायचं असतं, तेवढ्यानं निघणाऱ्याचा पाय हलका होतो. आई नेमकी त्याच वेळी पाठ फिरवून भांड्यांची आदळआपट करते. इतक्या वर्षांत ती एकदाही "ये" म्हणालेली नाही.

आणि एक दिवस घार घरी आली तर आईची पेटी भरून भिंतीशी ठेवलेली.

"मी धाकट्याकडे जाते," आई शांतपणे म्हणाली. धाकटा भाऊ दूर, आतल्या गावी शाळेत शिकवतो. "तिथे समुद्र नाही. रोज संध्याकाळ होईपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं, जिन्यावर पाऊल वाजलं की कानोसा घेत राहायचं तुझंच का ते. नाही होत आता माझ्याच्यानं."

घारला वाटलं होतं आई कधीतरी चिडेल, रडेल, क्रेन सोड म्हणून हटून बसेल, आणि त्या सगळ्याची उत्तरं तिने तयार ठेवली होती. हे असं दमून गेलेलं बोलणं ऐकून ती हबकलीच.  मग म्हणाली, "जाण्याआधी एकदा ये. मी काय करते ते बघ. मग तुला जायचं असेल तर गाडीत मीच बसवून देईन. एका शब्दानं अडवणार नाही."

"त्या मेलीचं काय बघायचंय?" आई म्हणाली. मेली म्हणजे क्रेन.

"मेली नको बघूस. मला बघ."

मुलीचं तोंड बंद व्हावं म्हणून असेल, पण आई कबूल झाली. बंदरात कामगारांच्या घरच्यांना पिवळ्या कठड्यामागे उभं राहून काम बघू देतात. आईला एक पांढरं हेल्मेट मिळालं, तिला ढगळ होणारं. ते हनुवटीशी धरून ती कठड्यापाशी उभी राहिली आणि पहिल्यांदा तिने मान वर केली.

घार वरून बघत होती. पावलांच्या मधून दिसणाऱ्या त्या पसाऱ्यात नेहमीसारख्या टाळूच टाळू होत्या, आणि त्यात एकच चेहरा. वर वळलेला, तोंड उघडं राहिलेला. बाकी सगळ्यांना क्रेनची सवय झाली होती, वर बघतो कोण? आई मात्र बघतच राहिली. चार पायांवरून तिची नजर चढत गेली, लांब हातावरून समुद्रावर गेली, तिथून परत काचेच्या खोलीपर्यंत आली. एवढ्या प्रचंड लोखंडाच्या पोटात आपली मुलगी बसली आहे आणि हे सगळं तिच्या बोटांवर चालतं, हे तिला तेव्हा दिसलं असावं. कारण तिने हेल्मेट सोडून दोन्ही हातांनी कठडा धरला.

त्या दिवशी जहाजावर चढवायचं होतं रेल्वेचं इंजिन. कोरंकरकरीत, रंगाचा वासही न गेलेलं. एका लांब ट्रकवर बसून ते आलं तेव्हा धक्क्यावरची माणसं हातातली कामं टाकून बघायला लागली. जे आयुष्यभर दुसऱ्यांना ओढणार, ते स्वतः बसून येताना बघायची मजा कोण सोडतो. त्याला जाडजूड तारांचे दोर बांधले. हवेत फिरू नये म्हणून दोन्ही टोकांना दोऱ्या लावल्या आणि त्या धरून माणसं लांब उभी राहिली. काकाने वर बघितलं, बोट उंचावलं आणि फिरवलं.

तारा ताणल्या गेल्या. धक्क्यावरचा गोंगाट आपोआप बसला. ट्रकचे दबलेले टायर हळूहळू फुगत वर आले आणि इंजिनाच्या चाकांखाली बोटभर उजेड दिसला. काकाने तिथे क्षणभर थांबवलं, सगळं नीट बघितलं आणि पुन्हा बोट फिरवलं. इंजिन चढायला लागलं. ज्या चाकांनी जमीन सोडायची नसते ती चाकं माणसांच्या डोक्यावरून उंच गेली, आणि त्यांच्या खालून पलीकडचा समुद्र दिसायला लागला. इतक्या वर्षांनीही घारच्या अंगावर सर्रकन काटा आला. असं काही आपल्या हातून होतं याचा तिला अभिमान वाटण्याआधी नेहमी धाकच वाटतो, आणि तो वाटेनासा झाला तर त्या दिवशी खाली उतरायचं असं तिने स्वतःशी ठरवून ठेवलं आहे.

तेवढ्यात समुद्रावरून वाऱ्याचा झोत आला. इंजिन आपल्या जागी किंचित वळलं. दोऱ्या धरलेल्या माणसांनी चार पावलं टाकून ते सावरलं, त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण इंजिनाची सावली त्या माणसांच्या अंगावरून सरकली. आणि पिवळ्या कठड्यामागे दोन हात वर झाले.

घार थांबली. आधी थांबली, मग तिने बघितलं. हात कोणाचे आहेत ते कळायच्या आत तिच्या हातांनी इंजिन हवेत रोखलं होतं, तारा थरथरून शांत होत होत्या. मग तिला पांढरं हेल्मेट जमिनीवर घरंगळताना दिसलं, आणि ते दोन बारीक हात, वेड्यासारखे हलणारे.

सगळं बंदर थबकलं. खोलीतल्या रेडिओवर जहाजाच्या अधिकाऱ्याचा आवाज आला. "कोणी थांबवलं? काय झालं?" दुसरं कोणीतरी म्हणालं, पाहुणी बाई आहे, घाबरली असेल. "मग चला की," अधिकारी म्हणाला. "ओहोटी लागायच्या आत निघायचंय आम्हाला."

घारला पक्कं ठाऊक होतं की आईला काहीच दिसलेलं नाही. जगात तेवढं खात्रीने सांगू शकणारी ती एकटीच होती. हात लिव्हरवर होता, नुसता पुढे केला असता तर कोणी हरकत घेतली नसती, उलट बरं वाटलं असतं सगळ्यांना. आणि खाली आई शरमेने मेल्यासारखी उभी, हात वरच राहिलेले, खाली घ्यायचे का हेही कळत नसलेली.

घारने रेडिओचं बटण दाबलं. "थांबवलंय," ती म्हणाली. "त्यांना विचारल्याशिवाय हलणार नाही."

काका निघाला. धक्का लांबलचक आहे आणि काकाचे गुडघे आता पूर्वीचे नाहीत, पण तो घाई न करता कठड्यापर्यंत चालत गेला. त्याच्या रेडिओचं बटण दाबलेलंच होतं. त्या काचेच्या खोलीत इतक्या वर्षांत आईचा आवाज पहिल्यांदाच आला.

"वहिनी, तुम्ही थांबवलंत?"

"मी नाही हो भाऊजी. हात आपोआप गेले."

"हात तुमचेच. म्हणजे तुम्हीच थांबवलंत. काय दिसलं?"

"ते फिरायला लागलं. ती पोरं खाली… मला भीती वाटली." मग आवाज अगदी बारीक झाला. "चुकलं का माझं? सगळे खोळंबलेत."

"इथे थांबवणाऱ्याचं चुकत नाही."

"पण माझ्यासाठी कशाला थांबवायचं एवढं मोठं? मी कोण?"

  "वहिनी," काका म्हणाला, "त्या दिवशी आत, जहाजात, मीही असेच हात वर केले होते. वरच्याला दिसले होते ते. पण तेव्हा माझे हात धरायचे नव्हते हिशेबात. दादा गेला आणि त्यानंतर नियम झाला. आता कोणाचेही धरतात. तुमचे धरले, ते दादामुळे."

 घार पुढे वाकून, काचेला कपाळ टेकेल इतकी वाकून खाली बघत होती. आईने हात खाली घेतले होते. तिने तोंड दाबून धरलं होतं आणि काका तिच्यापुढे मान खाली घालून उभा होता.  अधांतरी लटकलेलं इंजिन, जहाज, ट्रकची रांग, समुद्राचं पाणीसुद्धा, सगळं त्या एका म्हाताऱ्या बाईच्या शब्दासाठी थांबलं होतं.

"तिला माहीत आहे हे?" आईने विचारलं.

"चढायच्या आधीच सांगितलं होतं तिला."

"आणि तरी चढली?"

"ऐकून चढली, वहिनी."

आईने वर बघितलं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाली, "त्या पोरांना अजून थोडं मागे घ्या."

काकाने हात केला. माणसं दोऱ्या सैल सोडत मागे सरकली. खरं तर ती आधीच पुरेशी लांब होती, पण कोणी कुरकूर केली नाही.

"घेतलं," काका म्हणाला. "आता उचलू?"

"उचला," आई म्हणाली. "सावकाश."

काकाने एका हाताचं बोट वर करून फिरवलं आणि दुसरा तळवा त्यावर धरला. घारने इंजिन उचललं. तिचे डोळे काठोकाठ भरले होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिने नुसत्या पापण्या मिटल्या-उघडल्या. तिने आयुष्यात इतकं सावकाश काही उचललं नव्हतं. इंजिन जहाजाचा काठ ओलांडून गेलं, उतरलं, टेकलं, आणि ते टेकलं हे तारा ढिल्या पडल्या तेव्हाच माणसांना कळलं.

संध्याकाळी दोघी जेवायला बसल्या तेव्हा आई बराच वेळ घास हातात घेऊन होती. "इतकी वर्षं मला वाटायचं," ती म्हणाली, "तिथे एवढी माणसं असताना कोणाला काहीच कसं वाटलं नाही. कोणी एक हातसुद्धा वर केला नाही."  "केला होता गं. कोणीतरी केला होता."

"तू दार उघडलं नव्हतंस," घार म्हणाली, आणि लगेच तिला वाईट वाटलं.

"नव्हतं उघडलं," आई म्हणाली. मग तिने तो घास खाल्ला.

जाण्याबद्दल कोणीच बोललं नाही. पेटी भिंतीशी होती तशीच होती आणि घारला रात्रभर तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही. शब्द दिला होता, अडवणार नाही म्हणून.

सकाळी तिने डबा भरला, चपला घातल्या, दारात उभी राहून सवयीने "येते गं" म्हणाली. भांड्यांचा आवाज आला नाही. दुसरा कसलाही आवाज आला नाही. ती जिना उतरली, स्कूटर काढली आणि न राहवून मागे वळून वर बघितलं.

वर बघायची तिला सवय नाही. वरच्या मजल्याच्या खिडकीत आई उभी होती. तिच्यामागे खोलीतल्या दोरीवर तिचे सगळे कपडे झटकून टांगलेले दिसत होते, पेटीतल्या घड्यांच्या खुणा अजून न गेलेले. आईने हात वर केला. एकच हात. दुसऱ्याने तिने खिडकीचा गज घट्ट धरून ठेवला होता.

"एकच हात का गं?" घार खालून म्हणाली. "दुसरा काय उधारीवर आणायचाय?"

"दोन्ही केले तर तू थांबशील," आई म्हणाली. "ये."